बान्योलसचं तळं, पाणंदी आणि वेशीआतली जुनी गावं

पुण्याच्या एका जोडप्याने विचारलं आहे: "आमची वयं चोपन्न आणि एकावन्न. पुणे–गोवा सायकलवर दोनदा झालं, पण ट्रकच्या धुरात आणि हॉर्नमध्ये सायकल चालवायचा आता जीव राहिलेला नाही. ऑक्टोबरात स्पेनमधल्या कातालोनियात, बान्योलसला पाच दिवस राहणार आहोत. तळ्याभोवती आणि जुन्या मध्ययुगीन गावांमधून कच्च्या वाटांनी, गाड्यांशिवाय फिरता येतं असं ऐकलंय. खरंच येतं का? सायकल कुठली घ्यावी आणि रोज किती अंतर धरावं?"

येतं. मी अकरा वर्षं जवळच्या जिरोना शहरात राहते आणि याच वाटांवर लोकांना घेऊन फिरते, म्हणून खात्रीने सांगते. फक्त "एकही गाडी नाही" याचा अर्थ नीट समजून या. दिवसभराच्या चाळीस किलोमीटरांत सदतीस-अडतीस किलोमीटर तुम्हाला शेतकऱ्याचा एखादा ट्रॅक्टर सोडला तर काही भेटणार नाही. उरलेले दोन-तीन किलोमीटर मात्र तुकड्या-तुकड्यांनी येतात: कुठे हमरस्ता ओलांडायचा, कुठे पुलासाठी तीनशे मीटर डांबरावर यायचं, कुठे गावात शिरताना गाड्यांच्या वाटेनेच जायचं. दिवस चांगला जाणार की नाही हे त्या दोन-तीन किलोमीटरांवर ठरतं. मार्ग आखताना माझा निम्म्याहून जास्त वेळ तिथेच जातो, आणि तुम्हीही तिथेच घालवावा असं मला वाटतं.

आधी ही जागा सायकलला इतकी का मानवते ते सांगते, कारण ते कळलं की नकाशा आपोआप वाचता येतो. बान्योलस हे 'प्ला द लेस्तान्य' या तालुक्याचं मुख्य गाव. त्या नावाचा अर्थच 'तळ्याचं मैदान'. या मैदानात आणि भोवतीच्या टेकड्यांवर शेकडो वर्षांपासून 'मासिया' आहेत, म्हणजे शेतातच बांधलेली दगडी वाड्यासारखी घरं. वस्ती एका जागी गोळा झालेली नाही, शिवारभर विखुरलेली आहे. प्रत्येक मासियाला चर्चकडे, गिरणीकडे, नदीच्या उताराकडे आणि बाजाराच्या गावाकडे जायला वाट लागायची. आपल्याकडच्या पाणंदी आठवा, दोन बाजूंना कुंपण आणि मधून बैलगाडीपुरती वाट. अगदी तसंच हे जाळं आहे. मोटारी आल्या तेव्हा त्यांच्यासाठी वेगळे रस्ते झाले आणि या पाणंदी ट्रॅक्टरसाठी तशाच राहिल्या. पृष्ठभाग बहुतेक ठिकाणी दाबून बसलेला मुरूम, मध्ये गवताची पट्टी, झाडीत शिरलं की ओकची वाळलेली पानं आणि कुठेकुठे सुटे गोटे. ग्रॅव्हल सायकल, म्हणजे रुंद टायरची कच्च्या वाटेवरची सायकल, अशाच वाटेसाठी बनवलेली असते.

आता तळं. कातालोनियातलं हे सगळ्यांत मोठं नैसर्गिक तळं. लांबी 2 किलोमीटरच्या थोडी वर, रुंदी पाऊण किलोमीटरच्या आसपास, आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, समुद्रसपाटीपासून उंची 172 मीटर. याला मोठी नदी येऊन मिळत नाही. उत्तर-पश्चिमेच्या डोंगरांत मुरलेलं पाणी जमिनीखालून चुनखडीतून वाहत येतं आणि तळ्याच्या तळाशी असलेल्या खोल विवरांतून वर उसळतं. खालचा जिप्समचा थर पाण्यात विरघळत जातो आणि जमीन मधूनच खचते. तळ्याच्या आसपास जी छोटी गोल डबकी दिसतात ती अशीच झालेली. त्यांतलं एक तर 1978 मध्ये, म्हणजे आपल्या हयातीत, जमीन अचानक बसून तयार झालं. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या रोइंग शर्यती याच पाण्यावर झाल्या. सकाळी लवकर काठावर उभं राहिलात तर अजूनही वल्ह्यांचा आवाज ऐकू येईल.

पहिल्या दिवशी तळ्याची प्रदक्षिणाच करा, बाकी काही नाही. अंतर सात किलोमीटरच्या आसपास. पण सकाळी नऊच्या आत. नंतर, विशेषतः शनिवार-रविवारी, इथे आजीआजोबा, बाबागाड्या आणि पळणारी मंडळी भरून जातात, आणि काठावर पायी चालणाऱ्यांचा मान पहिला. काही तुकड्यांत सायकलला वेगळी वाट दाखवलेली आहे. फलक सांगेल तिथे वळा आणि उतरायला सांगेल तिथे उतरा. पूर्व काठावर पाण्यात पाय सोडून बसलेली छोटी घरं दिसतील, त्यांना 'पेस्केरा' म्हणतात. एकेकाळी मासेमारीसाठी आणि पोहण्यासाठी बांधलेली. त्याच काठावर ला द्रागा ही नवाश्मयुगीन वसाहत आहे. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी इथे शेती करणारी माणसं राहत होती, आणि पाण्याखालच्या गाळात हवा पोचली नाही म्हणून त्यांची लाकडी अवजारं आणि धनुष्यंसुद्धा टिकली. लाकूड इतकी वर्षं टिकणं किती दुर्मीळ आहे हे पुरातत्त्वाची थोडीशीही आवड असेल तर लगेच लक्षात येईल.

पश्चिम काठावर पोर्केरेसचं सांता मारिया हे चर्च आहे. सायकल भिंतीला टेकवून आत जा. 1182 मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. गाभाऱ्यापुढची कमान घोड्याच्या नालेसारखी आत वळलेली आहे आणि खांबांच्या माथ्यावर माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळात उन्हातून आत पाऊल टाकलं की जो गारवा अंगाला लागतो, तोच इथे लागतो. चर्चच्या मागून झाडीत शिरणारी वाट 'लेस एस्तुनेस'कडे जाते. तिथे दगडाला माणूस उतरेल एवढ्या भेगा पडल्या आहेत. त्या भेगांत 'गोजा' राहतात असं गावकरी सांगतात. गोजा म्हणजे इथल्या आसरा, पाण्याजवळच्या. भेगांपाशी सायकल नेऊ नका. ओल्या दगडावर चाक घसरतं आणि ती जागा पायांनीच पाहण्यासारखी आहे.

या पहिल्या दिवसाला दुसरंही कारण आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. इथे वाहतूक उजवीकडून चालते. पुण्यात चाळीस वर्षं रस्ता ओलांडलेल्या माणसाची मान आधी उजवीकडे वळते. इथे पहिली गाडी डावीकडून येते. दिवसभर शांत पाणंदीत चालवून मन सैल झालेलं असतं, वाट अचानक डांबरी रस्त्याला भिडते, आणि नेमक्या त्या क्षणी जुनी सवय वर येते. माझ्यासोबत आलेल्या ठाण्याच्या एका बाईंना मी अशाच एका तोंडाशी हात धरून मागे ओढलं होतं. अजून आठवलं की छातीत धडधडतं. तेव्हापासून माझा नियम आहे: पाणंद रस्त्याला मिळाली की प्रत्येकाने पाय टेकायचा, "डावीकडे" असं मोठ्याने म्हणायचं आणि मगच निघायचं. मुलांसारखं वाटेल, पण करा.

दुसरी गोष्ट ब्रेकची. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाचा असतो. इथल्या भाड्याच्या सायकलींवर उलट असतं: डावा हात पुढचा, उजवा मागचा. मोकळ्या मुरमावर उतारात पुढचा ब्रेक चुकून जोरात दाबला की चाक सरकतं आणि माणूस थेट कोपरावर पडतो. दुकानदाराला सांगून तारा बदलून घेता येतात का ते विचारा. नाही जमलं तर पहिला दिवस तळ्याभोवती सपाटीवर हात बसवण्यात घालवा. एका दुकानातून मी पाहुण्यांसाठी घेतलेल्या दोन सायकलींच्या तारा दोन वेगळ्या पद्धतीने जोडलेल्या होत्या आणि मला ते पहिल्या उतारावर कळलं. आता मी दुकानाच्या दारातच प्रत्येक सायकलचा एकेक ब्रेक दाबून, चाक फिरवून बघते.

सायकल कुठली, हे विचारलंत. ग्रॅव्हल सायकलच घ्या, 40 ते 45 मिलिमीटर रुंदीचे ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे छोटं भोक आपोआप बुजवणारा द्राव. इथल्या वाटांच्या कडेला काटेरी झुडपं छाटून टाकलेली असतात. सीलंट नसेल तर दिवसाला दोन पंक्चर ठरलेली. तुमचं वजन पासष्ट-सत्तर किलो असेल तर 40 मिमीच्या टायरमध्ये मागे 32 ते 35 पीएसआय आणि पुढे दोन-तीन कमी एवढी हवा पुरते. पुण्याहून येणारे जवळजवळ सगळे रोडबाइकच्या सवयीने हवा जास्त भरतात आणि मग संध्याकाळी मनगटं दुखतात म्हणतात. गिअर बघताना एकच बघा: सगळ्यांत हलक्या गिअरला मागची चकती पुढच्या चकतीएवढी किंवा तिच्याहून मोठी असली पाहिजे, म्हणजे पुढे 40 दात असतील तर मागे 40 किंवा 42. इथले चढ लांब नाहीत, पण मासियाकडे चढणारे शेवटचे दोनशे मीटर फार उभे असतात आणि सुट्या मुरमावर उभं राहून पेडल मारलं तर मागचं चाक जागेवरच फिरतं. बसूनच चढायचं, म्हणून हलका गिअर. गुडघे कुरकुरत असतील तर विजेची सायकल घ्या, त्यात कमीपणा काही नाही. डोक्याला हेल्मेट, स्पेनमध्ये गावाबाहेर ते कायद्यानेच सक्तीचं आहे.

आणि अंतर: पस्तीस ते पंचेचाळीस. याहून जास्त धरू नका, हे मी कळकळीने सांगते. पुणे–गोवा केलेल्या माणसाला हा आकडा फार लहान वाटेल. पण कच्च्या वाटेवर सरासरी वेग ताशी बारा-तेरा पडतो, आणि गावात शिरल्यावर दोन तास कसे गेले कळत नाही. जे लोक इथे रोज ऐंशी किलोमीटर आखून येतात त्यांना मी संध्याकाळी विचारते की बेसालू गावचा पूल सरळ होता की वाकडा, आणि बऱ्याच जणांना सांगता येत नाही.

बेसालू हा तुमचा तिसरा दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या उत्तरेला फोंतकोबेर्ता, एस्पोल्या, मार्तीस या बाजूचं लहानसं वळण घ्या. अंतर पंचवीसच्या आत बसतं आणि चढ नाहीच म्हणावा इतका. एस्पोल्याला एक विलक्षण गोष्ट आहे: वर्षातला बराच काळ तो एक साधा गवताचा खोलगट माळ असतो आणि मोठे पाऊस झाले की जमिनीखालून पाणी वर येऊन तिथे तळं भरतं. त्यात ट्रायॉप्स नावाचा ढालीसारख्या पाठीचा चिमुकला जीव जगतो. त्याची अंडी कोरड्या मातीत पुढच्या पाण्याची वाट पाहत राहतात. ऑक्टोबरात तळं भरलेलं असेल की नाही हे पावसावर आहे. कोरडं असलं तरी जा, फक्त खोलगट भागात चाक घालू नका. त्या मातीतच पुढची पिढी झोपलेली आहे. पाणी असलं तर ते पुढे मार्तीसच्या कड्यावरून धबधब्यासारखं पडतं.

याच दिवसाबद्दल चिखलाचं सांगायला हवं. या मैदानातली माती चिकण. पाऊस पडून गेला की पाणंदीतली शेताकडची टोकं सायकल अडवतात: माती टायरला, मग फ्रेमला, मग ब्रेकला चिकटत जाते आणि पाच मिनिटांत चाक फिरायचं थांबतं. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात चप्पल जशी जड होते तसंच. अशा वेळी नेट लावून पुढे जाऊ नका, चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग (डिरेलर) त्यातच तुटतो. पावसानंतर एक दिवस झाडीतल्या वाटा धरा. त्या दगडाळ असल्याने लवकर निचरतात. काटकी जवळ ठेवा, माती काढायला तिच्यासारखं हत्यार नाही.

बेसालूला सकाळी उजाडताच निघा. बान्योलसहून सेरिन्यामार्गे अंतर सतरा-अठरा किलोमीटर. सरळ जाणारा सी-66 हा हमरस्ता त्याच दिशेने धावतो आणि जीपीएसला "सायकल" असं नुसतं सांगितलं तर ते कधीकधी त्याच्याच कडेला नेऊन सोडतं. म्हणून मार्ग आदल्या रात्री स्वतः पडद्यावर मोठा करून पाहा. जिथे रेषा हमरस्त्याला स्पर्श करते ती प्रत्येक जागा तपासा: खालून बोगदा आहे का, वरून पूल आहे का, की तोंडावर थांबून ओलांडायचं आहे. बोगदा मिळवण्यासाठी दोन किलोमीटर वळसा पडत असेल तर वळसाच घ्या. वाटेत सेरिन्याला प्रागैतिहासिक गुहा आहेत, निअँडरथल आणि त्यांच्यानंतरच्या माणसांच्या. वेळ असेल तर परतताना पाहा, जाताना नाही.

जाताना का नाही, तर बेसालूत अकराच्या सुमाराला पर्यटकांच्या बस येतात. त्याच्या आधी तो पूल तुमचा एकट्यांचा असतो. फ्लुविया नदीवरचा हा पूल 1075 च्या कागदपत्रांत आढळतो, नंतर महापुरांमुळे अनेकदा डागडुजी झाली. लांबी 105 मीटर, सात कमानी, आणि एकही कमान दुसरीसारखी नाही. मधोमध पूल चक्क कोनात वळतो. कारण साधं आहे: बांधणाऱ्यांनी नदीच्या पात्रात जिथे पक्का खडक होता तिथे खांब रोवले, आणि खडक काही सरळ रेषेत नव्हते. मधल्या बुरुजाच्या दारातून जावं लागतं. तिथे जकात घेत. 1939 मध्ये, यादवी युद्धाच्या शेवटी, माघार घेणाऱ्यांनी पुलाचा भाग उडवला आणि पुढे तो पुन्हा बांधला गेला. पुलावर सायकल चालवू नका, हातात धरून चाला. बुरुजाखालून जाताना आपल्या गावच्या वेशीतून आत शिरल्यासारखं वाटतं आणि ते चाकावरून जाणवत नाही.

आत गेल्यावर मिकवे बघाच. ज्यू समाजाचं विधीस्नानाचं कुंड, बाराव्या शतकातलं. 1964 मध्ये एकाला विहीर खणताना ते सापडलं. दगडी कमानीखालून पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. धर्माचा नियम असा की पाणी भरून आणलेलं चालत नाही, आपोआप आलेलंच लागतं, म्हणून कुंड नदीकाठी आणि जमिनीच्या पोटात. आपल्या बारवेत उतरलेल्या कुणालाही ही रचना परकी वाटणार नाही. तिकीट आणि वेळ पर्यटन कार्यालयात विचारा, कारण आत सोबतीनेच सोडतात. सांत पेरेचं चर्च आणि त्यापुढचा मोठा चौक तुम्हाला वाटेतच भेटेल.

परत येताना त्याच वाटेने येऊ नका. दक्षिणेला सांत फेरियोलकडून एल तोर्न आणि तिथून कांपमाजोरच्या खोऱ्यातून बान्योलसकडे उतरणारी वाट माझी सगळ्यांत लाडकी आहे. ओकची झाडी, कुठेतरी खाली वाहणारी सेर नदी, मासियाच्या अंगणात बसलेलं म्हातारं कुत्रं. हे वळण धरून दिवसाचं अंतर पंचेचाळीसच्या आसपास जातं आणि चढ बऱ्यापैकी लागतो, म्हणून बेसालूत पोटभर खाऊन निघा. पाव, त्यावर चोळलेला टोमॅटो, ऑलिव्हचं तेल आणि मीठ, हे इथलं रोजचं खाणं शाकाहारी माणसालाही चालतं. जेवणाची वेळ दुपारी एक ते साडेतीन. चारला स्वयंपाकघर बंद झालं की लहान गावात काही मिळत नाही आणि दुकानंही दुपारी मिटलेली असतात. पाण्याचे नळ चौकात असतात, पण "नो पोताब्ले" अशी पाटी असेल तर ते पिण्याचं नाही. मासियाच्या अंगणातून जाणारी वाट खासगी वाटली तरी नकाशावर सार्वजनिक असू शकते. "प्रिवात" किंवा साखळी दिसली की मात्र मागे फिरा. फाटक उघडून गेलात तर मागे लावून घ्या. आणि समोर माणूस दिसला की "बोन दिया" म्हणा. कातालान भाषेतले हे दोन शब्द म्हटले की लोक थांबून वाट सांगतात.

ऑक्टोबरात येताय म्हणून एक सावधगिरी अगदी गरजेची. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात, मुख्यतः शनिवार-रविवारी, रानडुकरांची शिकार चालते. वाटेच्या तोंडाशी "बातुदा" अशी पाटी लावलेली दिसली तर त्या रानात शिरू नका, कितीही सुंदर वाट असली तरी. बंदुका, हाकारे आणि पळत सुटलेली डुकरं यांच्या मध्ये सायकलस्वाराने असू नये. भडक रंगाचा शर्ट घाला. शिवाय डोंगराकडचे दिवस सोमवार ते शुक्रवारात ठेवा आणि शनिवार-रविवार तळ्याकाठी व मैदानात. अडचण आलीच तर आणीबाणीचा क्रमांक 112.

चौथ्या दिवसासाठी दोन पर्याय आहेत आणि माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. पहिला सांता पाऊ. मिएरेसवरून जायचं, एका बाजूचं अंतर पंचवीसच्या वर, चढ भरपूर आणि काही ठिकाणी जीआय-524 या अरुंद रस्त्याला पर्याय नाही. गाव मात्र फार देखणं: किल्ला, कमानींच्या ओवऱ्यांनी वेढलेला तिरपा चौक आणि ज्वालामुखीच्या मातीत पिकणारे पांढरे घेवडे. भोवती गारोचा प्रदेशाचे चाळीसएक ज्वालामुखी. सांता मार्गारिदाच्या विवरात हिरवळ आहे आणि मधोमध एक छोटं चर्च. क्रोस्कात हा इबेरियातला सर्वांत तरुण ज्वालामुखी. त्याच्या कुशीतून बांधकामासाठी इतकी राखखडी खणून नेली की डोंगराला वाळलेल्या केकसारखा काप गेला. 1982 मध्ये या प्रदेशाला कायद्याने संरक्षण मिळालं, पुढे खाण थांबली, आणि आज त्या कापातच थर बघता येतात. सह्याद्रीच्या लाव्ह्यावर वाढलेल्या आपल्या लोकांना इथे एक वेगळीच गंमत कळते. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब सहा कोटी वर्षांहून जुने, आणि क्रोस्कात शेवटचा धगधगला तेव्हा माणूस इथे शिकार करत होता. खडक एकाच जातीचा, वयाचं अंतर मात्र असं. जायचं असेल तर विजेची सायकल घ्या किंवा ओलोत शहरापर्यंत बसने जाऊन तिथून सायकल करा. फाजेदा या बीच नावाच्या झाडांच्या वनात सायकलला परवानगी असलेल्या वाटा फलकांवर आहेत, बाकी पायवाटांवर चालतच जा.

दुसरा पर्याय 'कारिलेत'. ओलोत ते जिरोना अशी 750 मिलिमीटर रुळांची छोटी रेल्वे होती. 1895 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, 1911 मध्ये ती ओलोतला पोचली आणि 1969 मध्ये बंद पडली. रूळ उखडले आणि त्याच मातीच्या बांधावर आज 54 किलोमीटरची सायकलवाट आहे. सोलापूरकडच्या माणसाला मी नेहमी सांगते: आपली बार्शी लाइट रेल्वे 1897 ची, तिचे रूळ 762 मिलिमीटरचे होते, म्हणजे जवळजवळ हीच गाडी. वाफेच्या इंजिनाला उभा चढ झेपत नाही, म्हणून रूळ टाकणाऱ्यांनी डोंगराला हळूहळू वळसे घातले, आणि त्याचा फायदा आज तुमच्या गुडघ्यांना मिळतो. गाड्यांपासून सलग इतकी लांब सुटका या भागात दुसरीकडे कुठे नाही. ओलोतहून निघालात तर आधी बासच्या खोऱ्यातून सुमारे 620 मीटर उंचीच्या खिंडीपर्यंत सौम्य चढ, आणि तिथून जिरोनापर्यंत, म्हणजे 75 मीटर उंचीपर्यंत, उतारच उतार. वाटेत जुनी स्थानकं आहेत. सांत फेलिऊ द पायारोल्स आणि आमेर ही गावं थांबण्यासारखी. आमेरच्या मठाचा चौक तर दुपारच्या विश्रांतीसाठीच बांधल्यासारखा आहे. अंतर मी सांगितलेल्या मर्यादेबाहेर जातं, पण ही एकच वाट त्याला अपवाद करण्याच्या लायकीची आहे. बसमध्ये सायकल घेतात का हे आदल्या दिवशी विचारून ठेवा, जागा थोड्याच असतात. संध्याकाळी जिरोनाहून बान्योलसला बसने परत. बान्योलसला रेल्वे नाही.

रोकाकोर्बाचं नाव तुम्ही ऐकलं असेल, व्यावसायिक सायकलपटू सरावाला चढतात तो तळ्यामागचा डोंगर. तुमच्या बेतात तो बसत नाही; डांबराचा चढ आहे आणि शेवटी खूप उभा. कास्तेयफोयित द ला रोका हे बेसाल्टच्या कड्यावर वसलेलं गाव पाहायचं असेल तर तेही सायकलने नको, बसने जा. तिकडच्या रस्त्यावर अवजड गाड्या असतात, आणि तुम्ही त्याच चुकवायला इतक्या लांब येताय.

पाचवा दिवस मोकळा सोडा. तो बुधवार असेल अशी आखणी करता आली तर फार छान, कारण बान्योलसचा आठवड्याचा बाजार बुधवारी कमानींच्या प्लासा माजोरमध्ये भरतो. त्या चौकातून बाहेर पडल्यावर गल्लीच्या कडेने वाहणारे दगडी पाट दिसतील. त्यांना 'रेक' म्हणतात. नवव्या शतकात इथे सांत एस्तेवेचा मठ उभा राहिला आणि तळ्याचं वाढीव पाणी गावातून खेळवणारे हे पाट मठाच्या भिक्षूंनी आखले. त्यांवर पुढे गिरण्या चालल्या, कापड रंगलं, मळे भिजले. एक पाट निवडा आणि सायकल हातात धरून त्याच्या उलट्या दिशेने चालत जा. पंधरा मिनिटांत तुम्ही पुन्हा तळ्याच्या काठावर, पाणी जिथून गावात शिरतं त्या झडपेपाशी उभे असाल.